जमाखर्च जुळवणारा हुकूमशहा

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत युरोपातली लोकशाही किती झपाट्याने मावळत गेली, हे नकाशा समोर ठेवून पाहिले की अंगावर काटा येतो. १९२२ साली इटली गेली, १९२३ साली स्पेन, १९२६ च्या मे महिन्यात पोलंड आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पोर्तुगाल. मग लिथुआनिया, युगोस्लाव्हिया, जर्मनी, ऑस्ट्रिया, एस्टोनिया, लाटव्हिया, बल्गेरिया, ग्रीस. आपल्याकडे या काळाविषयी जे लिहिले-वाचले जाते ते बहुतेक हिटलर आणि मुसोलिनी या दोघांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण जगाला युद्धाच्या खाईत लोटण्याचे पाप त्यांच्या माथ्यावर आहे. परंतु त्याच यादीतला एक हुकूमशहा आपल्या उंबरठ्यापाशी, तेरेखोलच्या खाडीपलीकडे राज्य करीत होता. त्याच्या पोलिसांनी मराठी माणसांना कोठड्यांत डांबले, आणि हिटलर-मुसोलिनींचा शेवट झाल्यावरही तो आणखी तेवीस वर्षे सत्तेवर राहिला. आंतोनियो द ओलिव्हेरा सालाझार हे नाव गोवामुक्तीच्या प्रकरणात आपण वाचतो आणि पुढे जातो. तो सत्तेवर आला कसा, हा प्रश्न मात्र मला अनेक वर्षे सोडत नाही, कारण त्याच्या हातात सत्ता सोपवणारी माणसे फार परिचित वाटतात.

माझे आजोळ पेडण्याचे. आजीच्या बोलण्यात ‘पाखल्यांचे’, म्हणजे पोर्तुगीजांचे, राज्य यायचे ते एकसंध, जणू साडेचारशे वर्षे सगळे गव्हर्नर सारखेच होते आणि सगळी बंधनेही सारखीच होती. वस्तुस्थिती तशी नव्हती. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमधली राजेशाही संपून प्रजासत्ताक आले, तेव्हा गोव्यातल्या हिंदूंच्या आयुष्यात खरोखरीचा फरक पडला. धर्मसत्ता आणि राज्यसत्ता यांची फारकत करणारा कायदा एप्रिल १९११ मध्ये झाला. सरकारी नोकरीची आणि शिक्षणाची दारे त्यांना बरोबरीच्या नात्याने उघडली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांच्या ‘भारत’सारखी मराठी पत्रे या मोकळिकीतच निघाली. जे पुढे हिरावले गेले ते आधी काही काळ हातात आलेले होते, एवढे लक्षात ठेवले की सालाझारच्या राजवटीने केलेल्या नुकसानीचे माप नीट कळते.

या प्रजासत्ताकाविषयी मला ममत्व आहे, म्हणूनच त्याचे दोष झाकण्यात अर्थ नाही. राजेशाहीविरुद्ध लढताना त्याच्या पुढाऱ्यांनी सर्वांना मताधिकार देण्याची भाषा केली होती. २८ मे १९११ रोजी घटना समितीची निवडणूक झाली, तेव्हा कायद्यात मतदाराची व्याख्या एकवीस वर्षांवरील साक्षर किंवा कुटुंबप्रमुख नागरिक अशी होती, आणि तो पुरुषच असावा असे लिहायचे राहून गेले होते. कारोलिना बेआत्रीस आंजेलो या डॉक्टर होत्या, विधवा होत्या, म्हणजे घराच्या प्रमुखही होत्या. त्या न्यायालयात गेल्या, निकाल आपल्या बाजूने मिळवला आणि मत देऊन आल्या. प्रजासत्ताकाने यावर काय करावे? १९१३ साली त्याने कायदा बदलला आणि मतदार हा साक्षर पुरुषच असला पाहिजे असे स्पष्ट लिहून टाकले. देशातले बहुसंख्य लोक निरक्षर होते. १९३० च्या जनगणनेतही हे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक भरले. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या, गिरणीतल्या बाईच्या नावाने राज्य चालले होते, त्यांना त्या राज्यात मत नव्हते. पुढे ते राज्य कोसळले तेव्हा त्याच्या बचावासाठी खेड्यांतून कोणी धावून आले नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

त्यातच महायुद्ध आले. १९१६ साली पोर्तुगाल युद्धात उतरला, त्याचे सैन्य फ्लँडर्सच्या खंदकांत गेले आणि ९ एप्रिल १९१८ रोजी लीस नदीच्या लढाईत त्याची धूळधाण झाली. घरी धान्याची टंचाई, संप, बंडाळ्या. डिसेंबर १९१८ मध्ये अध्यक्ष सिदोनियो पाइस यांना लिस्बनच्या रोसियो स्थानकात गोळ्या घातल्या गेल्या. १९ ऑक्टोबर १९२१ च्या रात्री नुकताच राजीनामा दिलेले पंतप्रधान आंतोनियो ग्रांजो आणि प्रजासत्ताकाचे एक संस्थापक माशादो सांतोस यांना बंडखोरांनी ठार मारले. सोळा वर्षांच्या आत पंचेचाळीस सरकारे आली आणि गेली. १९१९ साली एका पौंडाला दहापेक्षा कमी एस्कुदो, म्हणजे पोर्तुगीज चलन, पडत. पाच वर्षांत तो आकडा शंभराच्या वर गेला, आणि निवृत्तिवेतनावर किंवा ठेवींच्या व्याजावर जगणारा मध्यमवर्ग पार पिळून निघाला.

या पडझडीचा एक प्रसंग थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. आल्वेस दोस रेइस नावाच्या माणसाने बँक ऑफ पोर्तुगालच्या नावाने खोटे करारपत्र तयार केले आणि मध्यस्थांमार्फत ते लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या मुद्रकांपुढे ठेवले. ही पेढी त्या बँकेच्या खऱ्या नोटा छापत असे. तिने विश्वास ठेवला आणि वास्को द गामाचे चित्र असलेल्या पाचशे एस्कुदोंच्या नोटा छापून दिल्या. त्या बनावट म्हणाव्यात तर छापखाना खरा, कागद खरा, ठसा खरा. खोटी होती ती फक्त परवानगी. रेइसने त्या पैशावर अंगोलाच्या नावाची एक बँकच काढली. डिसेंबर १९२५ मध्ये एकाच क्रमांकाच्या दोन-दोन नोटा सापडल्या आणि बिंग फुटले. खिशातली नोट खरी की खोटी हे सरकारलाही सांगता येत नाही, ही जाणीव लोकांच्या मनात किती खोल गेली असेल! पुढच्या सहा महिन्यांत प्रजासत्ताक संपले. एकट्या या घोटाळ्यामुळे ते संपले असे कोणी म्हणणार नाही, पण उरलीसुरली पत त्याने धुऊन नेली.

२८ मे १९२६ रोजी जनरल गोमिस द कोस्ता यांनी उत्तरेकडच्या ब्रागा शहरातून लिस्बनवर कूच केले. कारोलिना बेआत्रीस आंजेलो यांनी मत दिले त्याला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती. प्रतिकार जवळजवळ झालाच नाही. अनेक सच्च्या प्रजासत्ताकवाद्यांनीही या बंडाचे स्वागत केले, कारण लष्कर येईल, घडी बसवील आणि बराकीत परत जाईल अशी त्यांची समजूत होती. लष्कराला मात्र घडी बसवणे जमेना. जुलैमध्ये गोमिस द कोस्ता यांनाच बाजूला सारून अझोर बेटांवर पाठवण्यात आले आणि जनरल कार्मोना पुढे आले. फेब्रुवारी १९२७ मध्ये पोर्तो आणि लिस्बन येथे प्रजासत्ताकाच्या बाजूने उठाव झाले, ते रक्तात बुडवण्यात आले. तिजोरीची अवस्था तर आधीहून वाईट झाली. राष्ट्रसंघाकडे कर्ज मागितले, तेव्हा खर्चावर परकी देखरेख ठेवण्याची अट आली आणि ती स्वीकारणे कोणत्याही सेनापतीला शक्य नव्हते.

आता लष्कराला हिशेब जाणणारा माणूस हवा होता. असा माणूस, सालाझार, कोइंब्रा विद्यापीठात होता. १८८९ साली सांता कोंबा दाँव परिसरातल्या एका खेड्यात जन्मलेला, जमीनदाराकडे कारभारी असलेल्या बापाचा मुलगा, विझेऊच्या सेमिनरीत पाद्री होण्याचे शिक्षण घेतलेला आणि मग अर्थशास्त्राचा प्राध्यापक झालेला. १९२१ साली तो कॅथलिक पक्षातर्फे संसदेवर निवडून आला होता, पण तिथले कामकाज पाहून लगेच परतला. १९२६ साली सेनापतींनी त्याला अर्थमंत्री केले, तेव्हाही हवे ते अधिकार मिळत नाहीत म्हणून तो काही दिवसांतच गाडीत बसून कोइंब्राला निघून गेला. एप्रिल १९२८ मध्ये त्याला पुन्हा बोलावणे गेले. या वेळी त्याने अट घातली की कोणत्याही खात्याचा खर्च अर्थखात्याने ठरवलेल्या मर्यादेतच होईल आणि खर्च वाढवणाऱ्या कोणत्याही निर्णयाला नकार देण्याचा अधिकार त्याच्याकडे राहील. अट मान्य झाली. २७ एप्रिलला पदग्रहण करताना तो म्हणाला की मला काय हवे आहे आणि कुठे जायचे आहे हे मला नीट ठाऊक आहे. देशाने अभ्यास करावा, गाऱ्हाणी मांडावीत, चर्चा करावी, पण हुकूम देण्याची वेळ येईल तेव्हा आज्ञा पाळावी.

या भाषणाचे मला फार वाटते ते एवढ्यासाठी की त्यात लपवाछपवी काहीच नाही. वर्षभरात अंदाजपत्रक शिलकीचे झाले. त्यासाठी कर वाढवले, नवे कर लावले, खात्यांच्या खर्चाला कात्री लावली. लोकांना जो दिलासा वाटला तो खोटा नव्हता, आणि आज शंभर वर्षांनी त्यांना नावे ठेवणे मला जमत नाही. ज्यांची बचत डोळ्यांदेखत मातीमोल झाली, ज्यांनी रस्त्यावर पंतप्रधानाचा मुडदा पाहिला, त्यांना साधा काळा कोट घालणारा, लग्न न केलेला, स्वतःसाठी काही न घेणारा, रात्री उशिरापर्यंत कागदांवर बसणारा प्राध्यापक देवाने धाडल्यासारखा वाटला असेल. त्याच्या वैयक्तिक सचोटीबद्दल त्याचे शत्रूही फारशी शंका घेत नसत. हीच सचोटी त्याची सर्वांत मोठी ताकद ठरली. चोराच्या हातातून सत्ता काढून घ्यावी असे माणसाला सहज वाटते. जो चोरी करीत नाही, त्याच्या हाती अमर्याद सत्ता का असू नये, हे पटवून सांगणे अवघड जाते. मला तरी ते अजून सोपे वाटत नाही.

पुढचे सारे कायद्याच्या वाटेने आले. १९३० साली ‘राष्ट्रीय संघ’ स्थापन झाला आणि यथावकाश तोच एकमेव मान्य राजकीय संघटना उरला. जुलै १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाला. १९ मार्च १९३३ रोजी नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्यात आले आणि त्यात जे मत द्यायला आले नाहीत त्यांचीही गणना होकारात करण्यात आली. घरी बसून राहणे हा विरोध करण्याचा एक मार्ग असतो, तोही अशा रीतीने मोडीत निघाला. चारच दिवसांनी बर्लिनमध्ये हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा संमत झाला आणि जगाची नजर साहजिकच तिकडे वळली. पोर्तुगालची घटना ११ एप्रिलला अमलात आली. तिच्या आठव्या कलमात मतस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, शिक्षणस्वातंत्र्य सगळे नमूद होते, आणि खालीच लिहिले होते की या स्वातंत्र्यांचा वापर विशेष कायद्यांनी नियमित केला जाईल. त्याच तारखेचा सरकारी हुकूमनामा पूर्वतपासणीचा, म्हणजे छापण्याआधी मजकूर सरकारला दाखवण्याचा आहे.

तपासनीस निळी पेन्सिल वापरत. लिस्बनला गेले असताना कॅथीड्रलच्या शेजारी असलेल्या आल्जुबे या जुन्या तुरुंगात, जिथे आता संग्रहालय आहे, मी त्या निळ्या फुल्या मारलेला मजकूर पाहिला. मला वाटले होते की छाटलेला मजकूर जळजळीत असेल. पुष्कळदा तो तसा नसतोच. आत्महत्येची बातमी, उपासमारीची बातमी, संपाची बातमी. देशात सर्व काही ठीक चालले आहे या चित्राला ओरखडा काढणारी कोणतीही साधी गोष्ट. छाटलेल्या जागा कोऱ्या ठेवायलाही पुढे मनाई झाली, कारण कोरी जागासुद्धा वाचकाला काही सांगते. त्याच इमारतीत एकांतकोठड्या आहेत, जेमतेम मीटरभर रुंदीच्या. आत उभे राहून हात पसरू लागले, तर दोन्ही तळवे भिंतींना टेकून कोपरे वाकलेलीच राहतात. १९३३ साली स्थापन झालेले राजकीय पोलीस माणसांना इथे आणून ठेवत. त्याआधीच, १९३२ च्या अखेरीस, आंतोनियो फेर्रो या पत्रकाराने कैद्यांच्या मारहाणीबद्दल सालाझारला थेट विचारले होते. सालाझारने ती नाकारली नाही. मार खाणारे जवळजवळ नेहमीच बॉम्ब लपवणारे असतात, असे सांगून त्याने विचारले की निरपराध मुलांचे जीव वाचत असतील तर वेळेवर दिलेले पाचसहा धक्के समर्थनीय नाहीत का? ही मुलाखत मोठ्या दैनिकात छापून आली, लोकांनी वाचली, आणि फेर्रो पुढच्याच वर्षी सरकारच्या प्रचारखात्याचा प्रमुख झाला. १९३६ साली केप व्हर्डच्या सांतियागो बेटावर ताराफालची छावणी उघडली. तिथल्या शिक्षेच्या कोठडीला कैदी ‘तवा’ म्हणत, कारण भर उन्हात ती तशी तापत असे. पहिल्या पर्वात तिथे तिसाहून अधिक कैदी मेले, त्यांतले बरेच हिवतापाने आणि औषधावाचून.

बुद्धिमंतांपैकी अनेकांनी हे सारे येताना पाहिले आणि तरीही आरंभी त्याला साथ दिली. कवी फर्नांदो पेसोआ यांनी १९२८ साली लष्करी हुकूमशाहीचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली होती. देश इतका दुभंगला आहे की तूर्त दुसरा इलाज नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९३५ च्या फेब्रुवारीत गुप्त संस्थांवर बंदी घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध मात्र त्यांनी उघड लेख लिहिला. त्याच महिन्यात प्रचारखात्याच्या वाङ्मयीन पारितोषिकांचा समारंभ झाला. पेसोआंनाही एक पारितोषिक होते, पण ते गेले नाहीत. तिथे सालाझारने लेखकांनी कोणत्या दिशेने लिहावे याची सूत्रे सांगितली. त्यानंतर एका पत्राच्या मसुद्यात पेसोआंनी नोंदवले आहे की आजवर अमुक लिहू नका असा नियम होता, आता अमुकच लिहा असा नियम आला आहे. त्यांनी सालाझारवर बोचऱ्या कविता लिहिल्या, त्या त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत, आणि नोव्हेंबरअखेर ते वारले. मला त्यांच्या १९२८ च्या भूमिकेपेक्षा या सात वर्षांच्या अंतराचे दुःख अधिक वाटते. तूर्त म्हणून स्वीकारलेली गोष्ट कायमची होण्याला एवढा काळ पुरेसा होता.

गोव्याला याची झळ मात्र आधीच लागली होती. १९३० साली, अर्थखाते हाती असतानाच सालाझारने काही काळ वसाहतखातेही सांभाळले आणि जुलैमध्ये ‘वसाहतविषयक कायदा’ आणला. सागरापारचे प्रदेश ताब्यात ठेवणे, त्यांत वसाहती करणे आणि तिथल्या मूळ रहिवाशांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राच्या मूळ प्रकृतीतच आहे, असे त्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले होते. आतापर्यंत कागदोपत्री ‘प्रांत’ असलेला गोवा यापुढे ‘वसाहत’ झाला. ४ जुलै १९३० रोजी गोव्याच्या विधिमंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांझा उभे राहिले. ते चांदरच्या जमीनदार कॅथलिक घराण्यातले, पोर्तुगीज भाषेवर असामान्य प्रभुत्व असलेले पत्रकार. त्यांचे सारे बौद्धिक भरणपोषण युरोपीय उदारमतवादावर झाले होते. आपले व्यक्तित्व पूर्णत्वाला नेण्याचा आणि आपले भवितव्य आपण ठरवण्याचा प्रत्येक जनसमूहाचा हक्क पोर्तुगीज भारत सोडून देत नाही, कारण तो हक्क त्याच्याही मूळ प्रकृतीतला आहे, असा ठराव त्यांनी मांडला. सरकारने जो सिद्धांत पुढे केला होता तोच त्यांनी शासितांच्या वतीने उचलून धरला. दांडीयात्रेला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. त्यांचे ‘प्रकाश’ हे पत्र १९३७ साली बंद पडले आणि पुढच्या जुलैत ते गेले. टी. बी. कुन्हा यांनी १९२८ साली स्थापन केलेल्या गोवा काँग्रेस समितीला उघडपणे काम करणे अशक्य झाले. आजी सांगायची की तिच्या माहेरी लग्नपत्रिका छापायची तरी आधी मजकूर कचेरीत दाखवून आणावा लागे, आणि एखादा शब्द न आवडला तर मुहूर्त तोंडावर आला असतानाही पुन्हा खेप घालावी लागे. गोव्यातल्या त्या पिढीच्या अनेकांकडून ही गोष्ट ऐकायला मिळते.

१९३८ साली, सालाझारच्या अर्थमंत्रिपदाला दहा वर्षे झाल्यानिमित्त, पोर्तुगालच्या शाळांत लावण्यासाठी सात चित्रांची एक मालिका काढण्यात आली. त्यातले शेवटचे चित्र मी पुष्कळ वेळ पाहत बसते. एका शेतकऱ्याचे घर आहे. बाप खांद्यावर कुदळ घेऊन दारातून आत येतो आहे, आई चुलीपाशी आहे, लहान मुलगी बाहुलीशी खेळते आहे, मुलगा सक्तीच्या युवक संघटनेच्या गणवेशात बापाकडे पाहून उठला आहे. एका बाजूला क्रूसापुढे दिवे लावले आहेत, दाराबाहेर दूर किल्ल्यावर झेंडा दिसतो. या घरात पुस्तक हवेच असे चित्रकाराला वाटलेले नाही, वर्तमानपत्रही दिसत नाही, आणि दिवा विजेचा नाही. हे दारिद्र्य चित्रात दोष म्हणून आलेले नाही. तो आदर्श आहे. सक्तीचे शिक्षण तोवर तीन वर्षांवर आणून ठेवले होते. जमाखर्च जुळवण्यासाठी काय काय खर्ची पडले, याचा याहून स्पष्ट ताळेबंद मला कुठे सापडलेला नाही. मुसोलिनीच्या बाल्कनीतल्या गर्जना किंवा न्यूरेम्बर्गचे मेळावे यांपेक्षा हे शांत घर मला जास्त अस्वस्थ करते, कारण त्यात राहायला तयार झालेली माणसे दुष्ट नव्हती, थकलेली होती.

महायुद्धात तटस्थ राहून सालाझारने राज्य टिकवले. १९५१ साली, साम्राज्ये जगात बदनाम झाल्यावर, ‘वसाहतीं’चे नाव पुन्हा ‘सागरापारचे प्रांत’ असे करण्यात आले. गोव्यातल्या माणसाच्या पायातली बेडी तीच राहिली. टी. बी. कुन्हा यांना १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालमधल्या पेनीशच्या किल्ल्यात पाठवले गेले. गोवामुक्तीच्या लढ्यातले सांगलीचे मोहन रानडे १९५५ पासून जानेवारी १९६९ पर्यंत तुरुंगात होते, त्यातली शेवटची वर्षे लिस्बनजवळच्या काशियासमध्ये. गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यानंतर ते सुटले.

१४ डिसेंबर १९६१ रोजी सालाझारने गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना तार केली. शस्त्रसंधी नाही, पोर्तुगीज युद्धकैदी नाहीत, शरण गेलेली जहाजे नाहीत. सैनिक आणि खलाशी एक तर विजयी असतील किंवा मृत. किमान आठ दिवस झुंजत राहावे अशी अपेक्षा होती, म्हणजे तेवढ्यात जगाचे दरवाजे ठोठावता येतील. हाताशी साडेतीन हजारांच्या आसपास शिपाई आणि जुनाट शस्त्रे होती. १९२८ च्या भाषणातल्या अटीप्रमाणे ही आज्ञा पाळण्याची वेळ होती. जनरलने आपली माणसे मोजली, पणजी आणि मडगावच्या वस्त्या डोळ्यांपुढे आणल्या, आणि १९ डिसेंबरला शरणागतीवर सही केली. लिस्बनला परतल्यावर त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. १९७४ च्या एप्रिलमध्ये ती राजवट लष्करातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी उलथून टाकली, त्यानंतर त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला. १९८० साली ते गोव्यात आले, तेव्हा गोवेकरांनी त्यांचे मनापासून स्वागत केले.